एकच केस पेपर

भोकरच्या बसस्थानकावर बारावी झालेल्या एखाद्या पोराला विचारा, "काउन्सेलिंग झालं का रे?" तो चटकन सांगतो, "पहिला राउंड झाला सर, दुसऱ्याची लिस्ट लागायचीय." नांदेड-लातूर पट्ट्यात या शब्दाचा एवढाच अर्थ उरला आहे. नीटचे मार्क किती, पसंतीक्रम काय भरला, नंबर कुठे लागला. ज्या गावांतून दरवर्षी लेकरं लातूरच्या शिकवण्यांना धाडली जातात, तिथे दुसरा अर्थ सुचावा तरी कसा? झोप का लागत नाही, जेवण का जात नाही, हे जवळ बसून विचारण्यालाही काउन्सेलिंगच म्हणतात, असं मी एकदा एका मुलाला सांगून पाहिलं. "ते येड्यांसाठी असतंय ना?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

हा लेख त्या दुसऱ्या अर्थाबद्दल आहे, आणि एका मागणीबद्दल. विद्यार्थ्याचा ताप पाहणारा डॉक्टर आणि त्याचं मन ऐकणारा समुपदेशक एकाच दारामागे बसावेत. दोघांच्या हातात केस पेपर एकच असावा.

भोकर हे मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं तालुक्याचं गाव. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात मराठीबरोबर तेलुगू, दखनी आणि तांड्यांवरची गोरमाटीही कानावर पडते. शिवारात कापूस, सोयाबीन, हळद. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते दिगंबरराव बिंदू यांच्या नावाचं महाविद्यालय इथे आहे. इथला विद्यार्थी सकाळच्या एसटीने येतो, तास करतो आणि दुपारच्या गाडीने परतून आईबापाबरोबर रानात उभा राहतो. काहीजण पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावतात आणि घामाने भिजलेल्या अंगाने वर्गात येऊन बसतात. मुलींचं वेगळंच. कॉलेज चालू असतानाच घरात पाहुणे 'बघायला' येऊन जातात.

कागदोपत्री ही सगळी मुलं विद्यापीठाची आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या भागासाठी सुरू झालं. त्याचा परिसर नांदेडजवळ विष्णुपुरीला, गोदावरीच्या काठी. त्याच विष्णुपुरीत १९८१ साली सुरू झालेलं श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालयही आहे. विद्यार्थी, डॉक्टर आणि प्राध्यापक इतक्या जवळजवळ नांदलेली जागा मराठवाड्यात क्वचितच सापडेल. पण भोकरच्या पोरासाठी विष्णुपुरी म्हणजे नांदेडच्याही पलीकडे. पन्नास-पंचावन्न किलोमीटरची एसटी, मग रिक्षा, मग रांग. सगळा दिवस मोडतो, आणि सुगीत कोणत्या बापाला विचारायचं की मला आज दवाखान्यात जायचंय, ताप नाही, पण जायचंय?

ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला याच रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली होती. त्यांत नवजात बाळं होती. चारी बाजूंनी अत्यवस्थ रुग्ण एकाच ठिकाणी येऊन पडतात तेव्हा काय होतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. अशा रांगेच्या शेवटी 'मन लागत नाही' एवढीच तक्रार घेऊन एकोणीस वर्षांचा मुलगा उभा राहील, ही अपेक्षाच चूक आहे. त्याची सोय त्याच्या गावातच हवी.

तालुक्याच्या ओपीडीत मनाचं दुखणं 'मनाचं' म्हणून येतच नाही. ते असं येतं: "डोकं जड व्हायलंय." "छातीत धडधड व्हायलीय." "अंगात त्राणच नाही सर." "पोटात कसंतरीच व्हायलंय." सोबत आई असेल तर तीच सांगते, "खातच नाही ओ डॉक्टर, निस्तं पडून राहतंय." १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरसकट उपचार मोफत झाले. ही मोठी गोष्ट आहे, पण डॉक्टरचे हात दोनच राहिले. एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. त्या मिनिटांत बी-कॉम्प्लेक्स, पित्ताची गोळी, आणि घरच्यांनी हट्ट धरला तर सलाईनची बाटली. पोरगं घरी जातं. महिन्याने तेच पोरगं त्याच तक्रारीने परत येतं, तेव्हा खुर्चीवर दुसरा डॉक्टर असतो.

डॉक्टरांना विचारता येत नाही असं नाही. जगभरातल्या दवाखान्यांत वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली आहे, आणि तिचे पहिले दोन प्रश्न एवढेच, की गेल्या दोन आठवड्यांत कशात मन रमेनासं झालंय का, आणि उदास, निराश वाटतंय का. अर्धा मिनिट पुरतो. मग ते विचारले का जात नाहीत? माझी समजूत अशी झाली आहे की प्रश्नाची भीती नसते, भीती उत्तराची असते. समोरची मुलगी "हो" म्हणाली आणि डोळे पुसायला लागली, तर तिला पाठवायचं कुठे? बाहेर साठ जण उभे आहेत. शेजारच्या खोलीत तिला घेऊन बसणारं कुणी असेल तरच डॉक्टर तो प्रश्न तोंडावर आणेल.

इथे मला माझ्या आतेबहिणीची गोष्ट सांगावी लागेल. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, नांदेडात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. तिचं वजन उतरायला लागलं. रात्री छातीत धडधड व्हायची, झोप उडायची. पहिल्या दवाखान्यात पित्तावरची औषधं मिळाली, दुसऱ्यात "टेन्शन घेऊ नकोस" असा सल्ला. शेवटी एका शिक्षिकेने तिला शहरातल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं. बाई चांगल्या होत्या. घरावरचं कर्ज, वडिलांचं गप्प होत जाणं, लग्नाची बोलणी, पदवी पुरी होऊ देणार की नाही याची धास्ती, हे सगळं त्यांच्यापुढे ती पहिल्यांदा बोलली. पण तिचा हात थरथरायचा. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटची तोटी फिरवताना एका थेंबाऐवजी तीन पडायचे, आणि फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी व्हायच्या ऐवजी एकदम गडद होऊन जायचं. पुन्हा भरा, पुन्हा सोडा, पुन्हा गडद. शेजारच्या मुलीचं रीडिंग उतरवून ती बाहेर यायची आणि जिन्यात रडायची. बाईंना वाटलं, परीक्षेची भीती. त्यांनी श्वासाचे व्यायाम शिकवले. असे चार-पाच महिने गेले, आणि मग दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने रक्त तपासलं गेलं, तेव्हा कळलं की थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करते आहे.

औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत हात थांबला. वजन हळूहळू भरून आलं. झोप मात्र पूर्ण आली नाही, कारण लग्नाची बोलणी आणि कर्ज हे काही थायरॉइडने आणलेलं नव्हतं. तिला गोळीही हवी होती आणि बाईही हव्या होत्या, एकाच महिन्यात, एकमेकांशी बोलणाऱ्या. डॉक्टरांना बाईंचं नाव माहीत नव्हतं. बाईंपर्यंत रिपोर्ट पोचायची काही वाटच नव्हती.

अशा मुली थोड्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. आधीच्या फेरीपेक्षा हा आकडा वाढलेला आहे. रक्त कमी असलेली मुलगी कशी दिसते? थकलेली, चिडचिडी, पुस्तकात लक्ष नसलेली, घडीघडी आडवी होणारी. आणि नैराश्यातली मुलगी? अगदी तशीच. नुसत्या समुपदेशकाकडे गेली तर तो तिच्याशी महिनाभर बोलत राहील आणि हिमोग्लोबिन आठावरच राहील. नुसत्या डॉक्टरकडे गेली तर लोहाच्या गोळ्या मिळतील, आणि ती जेवत का नाही हे कुणी विचारणार नाही. दोघांनी मिळून पाहिलं तरच ती मुलगी पूर्ण दिसते.

पण तालुक्याच्या गावात एकच दार असावं, यामागे वैद्यकशास्त्राहूनही मोठं एक कारण आहे, आणि ते म्हणजे लोकांची नजर. कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावलेली खोली असली, तर तिथे शिरणारी मुलगी संध्याकाळच्या एसटीत बसायच्या आत तिची बातमी गावात पोचलेली असते. सोयरीक मोडायला तेवढं पुरतं. 'आरोग्य कक्ष' असं लिहिलेल्या दारातून आत गेलं तर कुणाला काय कळणार? पोट दुखत असेल, पाळीचा त्रास असेल, चष्म्याचा नंबर काढायचा असेल. आत गेल्यावर ती कोणत्या खुर्चीसमोर बसली, हे बाहेरच्याला दिसत नाही. माझ्या मते भोकरसारख्या ठिकाणी या सगळ्या व्यवस्थेचा जीव त्या एका न दिसण्यात आहे.

हे नवं काही नाही, आणि परदेशातूनही आणायला नको. महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांत लाल फितीचं चित्र असलेली आयसीटीसीची पाटी आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' हे तिचं पूर्ण नाव. एचआयव्हीच्या साथीने आपल्याला सक्तीने शिकवलेला हा धडा आहे. रक्त घेण्याआधी समुपदेशक बोलतो, संमती घेतो. निकाल तोच सांगतो, दार लावून. प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ शेजारच्याच खोलीत असतो. क्षयरोगाची शंका आली तर त्या तपासणीलाही तिथूनच पाठवतात. ज्या आजाराचं नाव घ्यायला गाव घाबरत होतं, त्यासाठी आपण डॉक्टर, समुपदेशक आणि प्रयोगशाळा एका दोरीत ओवली. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिकं निघाली, त्यांचाही विचार हाच होता. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५च्या सुमारास मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आला, तेव्हा आशाताई दारोदार जाऊन कुणाला झोप लागत नाही, कुणी बोलेनासं झालंय, हे विचारू लागल्या. म्हणजे बापाला विचारायची रीत आपण बसवली आहे. त्याच घरातून सकाळच्या गाडीने कॉलेजला जाणाऱ्या मुलाला विचारायची मात्र राहून गेली.

थोडं दक्षिणेला, गोव्यात, याचा पुरावाही उभा राहिला. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने तिथल्या १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खासगी दवाखान्यांत 'मानस' नावाचा अभ्यास केला. मानसतज्ज्ञ मिळत नाहीत, तर गावातल्याच, वैद्यकीय पदवी नसलेल्या लोकांना काही आठवडे शिकवून समुपदेशक म्हणून डॉक्टरशेजारी बसवायचं, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाने येऊन पाहायचं. २०१०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत नैराश्य-चिंतेच्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ४२ टक्क्यांच्या आसपास होतं, ते शेजारी समुपदेशक असलेल्या केंद्रांत ६६ टक्क्यांच्या जवळ गेलं. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. बहुधा तिथला डॉक्टर घरचाच असल्यासारखा वेळ देत होता. भोकरच्या दृष्टीने मला यातली पहिली ओळ महत्त्वाची वाटते, कारण गर्दीच्या सरकारी ओपीडीत जवळ बसणाऱ्या एका माणसाने एवढा फरक पडला.

बाहेरच्या जगानेही ही वाट चुकतमाकत काढली. अमेरिकेत अॅमहर्स्ट कॉलेजने १८६१मध्ये विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र व्यवस्था सुरू केली आणि १९१०मध्ये प्रिन्स्टनमध्ये मानसिक आरोग्याची सेवा आली. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना कॉलेजांत मार्गदर्शन द्यायच्या निमित्ताने समुपदेशन केंद्रं वाढली, पण दवाखान्यापासून वेगळी. ती पुन्हा जोडण्याची खटपट तिथे अजून चालू आहे. आपल्याकडे निदान पाडायला भिंतच नाही. दोन्ही खोल्या अजून बांधायच्याच आहेत, तर शेजारी शेजारी बांधू.

आणि आता कायदाही दाराशी येऊन उभा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. सर्वांत जास्त, १,७६४, महाराष्ट्रातल्या. हा आकडा लिहितानाही हात थबकतो. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतल्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. नंतर २५ जुलै २०२५ला, विशाखापट्टणममधल्या नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या पीठाने पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यायची. शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. शिकवणी वर्गांनाही हेच लागू, आणि गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं टाळायचं. लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतून फिरलेल्या माणसाला या शेवटच्या ओळीचं वजन वेगळं सांगायला नको.

मला भीती एवढीच वाटते की हा नियम कागदावर पाळला जाईल. मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या नावापुढे 'समुपदेशक' लिहायचं, एक टेबल, एक रजिस्टर, तपासणी समिती आली की सही. जो प्राध्यापक अंतर्गत गुण देतो, त्याच्यापुढे मुलगा मन उघडेल का? आणि उघडलंच, तर पुढे औषधाची गरज लागली की तो प्राध्यापक तरी काय करणार? दवाखान्याशी जोड नसलेला समुपदेशक एकटा पडतो. ऐकून घेतो आणि ते ओझं रात्री घरी घेऊन जातो.

जोडण्याचे धोकेही आहेत. केस पेपर एक असला तरी त्यावर सगळंच लिहायचं का? माझं मत, नाही. डॉक्टरला कळायला हवं की ही मुलगी समुपदेशनाला येते, झोप किती आहे, जिवाला धोका आहे का, कोणती गोळी चालू आहे. घरात कोण काय बोललं, हे समुपदेशकाच्या वहीत राहावं आणि ती वही कुलपात. प्राचार्यांपर्यंत नाव जाऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने गुप्ततेचा हक्क स्पष्ट दिला आहे. त्याच कायद्याने असंही म्हटलं आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. काही गोष्टी मात्र लपवता येत नाहीत. मुलगी अठराच्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचार पुढे आला, तर पोक्सोखाली पोलिसांना कळवावंच लागतं. अकरावी-बारावी आणि पदवी एकाच आवारात भरणाऱ्या आपल्या कॉलेजांत अठराच्या आतली मुलं रोजचीच आहेत. म्हणून पहिल्याच भेटीत मुलीला सांगायला हवं, की मी काय पोटात ठेवू शकते आणि काय नाही.

डॉक्टर आणि समुपदेशक जवळ असले म्हणजे सगळं भागतं असंही नाही. डॉ. पायल तडवींचं नाव इथे घ्यायलाच हवं. मुंबईत टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही आदिवासी डॉक्टर २२ मे २०१९ला गेली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला. तिच्या आजूबाजूला तर सगळे डॉक्टरच होते. छळ होत असेल तिथे छळ थांबवावा लागतो. छळ सोसणाऱ्याला सोसायला शिकवणं हे समुपदेशन नव्हे. किनवट-माहूरच्या डोंगरातून, तांड्यांवरून आलेली मुलं आपल्या वर्गांत बसतात. त्यांचं दुखणं ऐकणाऱ्याला, गरज पडली तर, लेखी तक्रार पुढे नेता आली पाहिजे.

मग भोकरात हे दिसेल कसं? फार मोठं काही मागायचं नाही. कॉलेजच्या आवारात, ग्रंथालयाच्या वाटेवर एक आरोग्य कक्ष, आत दोन खोल्या. एक सिस्टर रोज. हिमोग्लोबिन आणि साखर तपासायची सोय, बाकीचं रक्त सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. एक पूर्णवेळ समुपदेशक, शक्यतो गोरमाटी किंवा तेलुगू समजणारी, दोन-तीन कॉलेजांनी मिळून ठेवलेली, म्हणजे पगाराचा भार वाटला जाईल. सरकारी रुग्णालयाचा डॉक्टर आठवड्यात ठरलेल्या दिवशी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचा महिन्यातला एक दिवस या कक्षाला जोडलेला. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयांत काम करावं लागतं. त्यातल्या मनोविकार विभागाच्या एखाद्याचे काही दिवस इथे वळवता येतील. आणि भिंतीवर, मोठ्या अक्षरांत, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर: १४४१६. तो ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात कुणी फार गप्प झालं असेल, तर हा नंबर आजच फ्रिजवर चिकटवा.

आरोग्य कक्षात येणाऱ्या प्रत्येकाला, पाय मुरगळला असला तरी, सिस्टरने ते दोन प्रश्न विचारायचे. सगळ्यांनाच विचारले की कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. कुणी "हो" म्हणालं तर त्याला पत्ता लिहून द्यायचा नाही. उठायचं आणि त्याच्याबरोबर शेजारच्या खोलीपर्यंत जायचं. "चल माय, मॅडमशी जरा बोल," एवढंच म्हणायचं. ही दहा पावलं सगळ्यात अवघड असतात, आणि मुलं नेमकी तिथेच गळतात.

माझ्या आतेबहिणीकडे अजून ती प्लॅस्टिकची पिशवी आहे, कापड दुकानाचं नाव छापलेली. तिच्यात दोन फाइली आहेत, एक दवाखान्याची, एक बाईंनी दिलेली. थायरॉइडचा रिपोर्ट आला त्या दिवशी तिने स्टेशन रोडला त्याची झेरॉक्स काढली, कोपऱ्यावर पेनने 'मॅडमसाठी' लिहिलं आणि स्वतःच बसने जाऊन बाईंना नेऊन दिली. परत येऊन बाईंनी लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलंच नव्हतं सर."